तीन शिफ्टचं जहाज

“एक सांगून ठेवतो विजू, त्या गेममधलं काहीही विकत घ्यायचं नाही. आमचं तिघांचं ठरलंय,” बुटाची नाडी बांधता बांधता नवनाथ म्हणाला होता. विजयश्रीने तेव्हा “बरं बरं” म्हणत धाकुट्या लेकीच्या, सायलीच्या तोंडात वरणभाताचा घास भरवला आणि ते बोलणं कानाआड केलं. पुरुषांना एखादी गोष्ट फुकटात मिळाली की गड जिंकल्यासारखं वाटतं, त्यातलाच हा प्रकार, असं तिचं मत.

गेम तसा साधा. अंतराळात या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर पोचवायचा, गुण साठवायचे आणि मोठं जहाज घ्यायचं. सध्याच्या जहाजाला हे लोक ‘छोटा हत्ती’ म्हणत, कारण रहाटणीच्या चौकात भाड्याने मिळणाऱ्या टेम्पोइतकंच ते ठेंगणं आणि खडखडतं होतं. डोळा होता तो ‘टस्कर’ नावाच्या अवाढव्य मालवाहू जहाजावर. फेऱ्या मारत राहिलं तर दिवाळीपर्यंत ते मिळालं असतं. खरे पैसे टाकले तर चहा उकळेपर्यंत.

फेऱ्या मारणारे तिघं होते, खातं मात्र एकच. नवनाथ, भोसरी गावातला रोहिदास आणि लातूरकडचा ज्योतीराम हे तिघं पूर्वी चाकणच्या एका कंपनीत एकाच मशीनवर वेगवेगळ्या शिफ्टला होते. एक सुटताना दुसऱ्याला मशीनचा चार्ज द्यायचा, म्हणजे काम कुठवर आलं ते सांगून ताबा सोपवायचा. त्या उभ्या उभ्या बोलण्यातच त्यांची दोस्ती जमली. पुढे ती लाइन बंद पडली, तिघं तीन कंपन्यांत पांगले, पण चार्ज द्यायची सवय सुटली नाही. आता ते जहाजाचा चार्ज देत. रोज सकाळी स्वयंपाकघरात नवनाथच्या फोनवर ज्योतीरामचा आवाज वाजायचा, “राम राम नवनाथभाऊ. दोन फेऱ्या मारल्या. डावं इंजिन गरम व्हायलंय, जरा दमानं घ्या. सायलीबाई उठल्या का?”

विजयश्रीला यातलं दिसायचं ते वेगळंच. शिफ्टवरून आलेला माणूस झोपायचं सोडून माल वाहत बसतो. डोळे लाल. उद्या चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या गर्दीत दुचाकीवर डुलकी लागली तर? या ‘तर’पाशी तिचं मन रोज अडायचं. बी.कॉम. झालेल्या डोक्याने तिने सरळ हिशेब मांडला. जहाज आलं की फेऱ्या संपल्या, फेऱ्या संपल्या की झोप. नवनाथच्या वाढदिवसाला तिने घरी घेत असलेल्या शिकवणीच्या पैशातून टस्कर घेऊन टाकलं.

नवनाथने फोन उघडला. पडदाभर जहाज. तो हसला, पण पाहुण्यांनी नको ती भेट दिल्यावर हसतात तसं.

रोहिदासचा फोन स्पीकरवर आला. “वहिनी, जहाज झकास हाय बरं का! पर आता आमी करायचं काय? नुसती आरती ओवाळायची व्हय त्याची?”

सगळे हसले. मग गेम कुणी उघडलाच नाही.

नवनाथ वेळेवर झोपायला लागला. जागेपणी मात्र घरभर फिरून कुकर कुठे ठेवावा आणि पंख्याला तेल कधी द्यावं हे तिला शिकवू लागला. तेही तिने सोसलं. पण एका सकाळी सायलीने बाबांचा फोन कानाला लावला, “लाम लाम” म्हणाली आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. तेव्हा विजयश्रीचा हात पोळीवरच थांबला.

“ज्योतीरामभाऊजींचा काही निरोप?”

“नाही गं. असेल कामात.”

“इतके दिवस?”

“अगं, चार्ज द्यायचा तरी कशाचा आता?” नवनाथ सहज म्हणाला, पण सायलीच्या हातातला फोन त्याने घेतला. ज्योतीरामला लावला. बंद. संध्याकाळी पुन्हा बंद.

काळजी करण्यात विजयश्रीचा हात कुणी धरला नसता. पण या वेळी ती नुसती बसली नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी. डब्यात भाजी-भाकरी घेतली, सायलीला मधे बसवलं आणि दोघं भोसरीला ज्योतीरामच्या खोलीवर गेले.

पत्र्याच्या खोलीत तो खाटेवर बसलेला, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. जिन्यावरून घसरला होता, हातातला फोनही त्याच्यासोबत खाली पडून फुटला. खोलीत सोबत राहणारी दोन कामगार पोरं डबा आणून देत, पण दिवसभर ती ड्युटीवर.

“अहो भाऊजी, कळवायचं तरी! पोरांच्या फोनवरून!”

“काय कळवायचं वहिनी? पहिलं चार्ज द्यायला फोन व्हायचा, त्यात घरचं-दारचं बोलणं निघायचं. आता उगं पाय मोडला म्हणून सांगायला फोन करायचा, म्हणजे बेजार करायचं लोकायला.” तो हसला आणि सायलीला म्हणाला, “राम राम बाई. लंबर लागला का शाळेत?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. विजयश्रीला तेच जास्त लागलं. तिने एक वस्तू विकत घेतली होती, आणि तिच्या बदल्यात या माणसाचं रोजचं बोलणं गेलं होतं.

“अहो,” ती नवनाथला म्हणाली, “ते टस्कर राहू द्या बाजूला. नवं खातं काढा.”

“इतके पैसे घालून?”

“घातले तर घातले. शोकेसमध्ये कपबश्या ठेवतोच ना आपण?”

नवनाथने रोहिदासला बोलावलं. तो जवळच राहणारा, लगेच आला. “गावात असून मला ठाव न्हाई? थोबाड फोडीन तुझं, पाय बरा हुं दे आधी,” असं म्हणत त्याने आपला जुना फोन ज्योतीरामच्या हातात ठेवला. खाटेवरच नवं खातं निघालं. पुन्हा छोटा हत्ती, पुन्हा पहिल्यापासून.

“वहिनी, तुमी जनरल शिफ्ट घ्या,” ज्योतीराम म्हणाला. “सायलीबाई दुपारी झोपल्या की एक फेरी.”

“मला नाही जमायचं हो.”

“आमाला तरी कुठं जमत होतं? कंपनीनं शिकिवलं व्हय?” रोहिदास खिदळला.

आता ती रोज दुपारी एक फेरी मारते, कधी जहाज खडकाला आपटते, कधी भलत्याच ग्रहावर माल उतरवते आणि चार्ज देताना सगळं खरं सांगून टाकते. नवनाथने झोपेची वेळ ठरवून घेतलीय आणि बहुतेक पाळतो. ज्योतीरामचं प्लास्टर निघालं, ही बातमी तिला मालाच्या हिशेबाच्या मधेच कळली आणि तिने ती सायलीला नाचून सांगितली.

तुमच्याकडे विजयश्रीचं एकच मागणं आहे. रोज काहीतरी कामानिमित्त ज्याचा निरोप यायचा आणि काम संपलं म्हणून थांबला, असा कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. काम नसताना त्याला आज एक फोन लावा. बंद लागला, तर सुट्टीच्या दिवशी त्याच्या दारापर्यंत जाऊन या.