चौथा गिअर

"काका, चौथा टाका ना आता," मागच्या सीटवरून जीवन म्हणाला.

"टाकायलोय की साहेब," असं म्हणून सिद्धोधननं गाडी दुसऱ्यातच ठेवली.

अडचण अशी होती, की चौथा गिअर त्याला फक्त ऐकून माहीत होता. ही लांबलचक विलायती गाडी परभणीच्या चंद्रभान मंडपवाल्याची. मिशी काळी होती तेव्हापासून सिद्धोधन ती लग्नांत चालवत आला होता. पुढं बँड, मागं नवरदेव, मधे सिद्धोधन. इतक्या हळू चालीनं, की कुत्री गाडीला ओलांडून जात, आणि वळून बघत.

आता पुण्याचा एक हौशी माणूस गाडी विकत घेत होता. त्यासाठी त्याचा माणूस, हा जीवन, परभणी ते पालम गाडीची चाचणी घ्यायला आला होता. सिद्धोधननं ती नीट पार पाडली तर गाडीबरोबर त्यालाही पुण्यात नोकरी. नाहीतर गाडी एकटीच जाणार. चंद्रभाननं विचारलंच होतं, "गाडी गेल्यावर माझ्याकडं तुझं काय काम हाय, तूच सांग." सिद्धोधननं रात्रभर विचार केला. काही सापडलं नाही.

पिंगळी मागं पडली तसा कसाबसा तिसरा पडला. जीवन मोबाइलवर काहीतरी नोंदवून "छान" म्हणाला. आणि पुढं वरात लागली. घोडीवर नवरदेव, त्याच्यापुढं बँड.

वऱ्हाड पटकन बाजूला झालं. बँडवाला भुजंग ओळखीचा. तोंडातली पिपाणी काढून ओरडला, "जा की मामा! रस्ता मोकळा हाय!"

सिद्धोधनचा पाय ब्रेकवरच.

"काका, ओव्हरटेक करा."

"बँडला?" सिद्धोधननं दचकून विचारलं.

गाडी घोडीमागं मुकाट चालायला लागली. नवरदेवाच्या मामानं वळून पाहिलं. "अरे, सोयऱ्यायनं गाडी धाडली! अन् आपण उगंच त्यायला नावं ठेवायलोत!" क्षणात नवरदेव घोडीवरून उतरून जीवनशेजारी येऊन बसला. रिकामी घोडी पुढं चालत राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"अहो, टेस्ट चालू आहे आमची," जीवन म्हणाला.

"चालू द्या की मंग," नवरदेव म्हणाला.

मामानं खिडकीतून जीवनला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला.

मांडवापाशी बँड थांबला. गाडी थांबली. सिद्धोधननं अदबीनं खाली उतरून दार उघडलं, नवरदेवाला हात दिला. एवढी अलगद गाडी त्यानं आयुष्यात कधी उभी केली नव्हती. मग त्याला पालम आठवलं.

"साहेब, एकडाव परत पाहू का? आता थांबत न्हाई मी."

जीवननं टोपी काढली. आवाज चढवला नाही. "गाडीत काही दोष नाही, काका. चावी द्या. मागे बसा."

"मागं?"

"बसा."

मागं तो कधीच बसला नव्हता. हात कुठं ठेवायचे कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

हमरस्त्याला लागताच जीवननं चौथा टाकला. चौथ्यात गाडी ओरडत असेल, असं सिद्धोधनला इतकी वर्षं वाटायचं. ती उलट गप्प झाली. झाडं भराभर मागं जायला लागली. सिद्धोधन समोर बघत ताठ बसून राहिला. फक्त त्याचा उजवा पाय खालचा गालिचा हळूहळू दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता.