कोट उतरविण्याचे पुस्तक

आसगावात पाच घरांच्या भिंतींवर पाच दिवंगत पुरुष एकाच कोटात बसलेले आहेत. कोट काळा, टाय मरून रंगाचा. माणूस गेला की घरचे लोक लग्नातला एखादा फोटो घेऊन स्टुडिओत जातात. तेथे चेहरा तेवढा कापून तयार कोटावर बसवून मिळतो. सात वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा आमच्याही घरी तेच घडले. मी तेव्हा दुःखात होते, म्हणून काही बोलले नाही. एरवी मला विचारल्याशिवाय या घरात चुलीवर कढईसुद्धा चढत नाही.

यंदा माघ महिन्यात माझी चार वर्षांची पणती खुशबू भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा साहेब कोन व्हय?"

ज्यांनी जन्मभर बंडी, धोतर आणि खांद्यावरचा पांढरा दुपट्टा यांखेरीज अंगाला काही लावले नाही, त्यांना त्यांच्याच घरचे लेकरू साहेब म्हणते! अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अक्तीला, पितरांचे पान वाढले जाते. यंदाचे पान त्या परक्या कोटापुढे जाणार नाही, असे मी त्याच क्षणी ठरविले.

यांचा एक जुना फोटो माझ्या पेटीत होता. गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर सहा जण उभे आहेत. मध्यभागी हे, आणि यांच्या खांद्यावर हात टाकून यांचे बालमित्र भैय्याजी. परंतु ओलीने कागदावर डाग पडले होते आणि बरोबर धोतरावरून एक भेग गेली होती. स्टुडिओत पुन्हा जाणे मला मान्य नव्हते. ज्याने कोट चढविला, त्याच्याच हातून तो उतरवून घ्यायचा? मी स्वतः शिकायचे ठरविले.

माझी नात डिंपल पवनीच्या कॉलेजात शिकते. तिच्या लॅपटॉपमध्ये फोटो दुरुस्त करण्याचा प्रोग्राम होता.

"आजी, मोबाइलवर व्हिडिओ पाह्य ना. पुस्तक कायले पायजे?"

"त्या व्हिडिओतला पोरगा भरभर बोलते. थांब म्हटलं तं थांबते का?"

"थांबते ना. बोट ठेवलं की थांबते."

"मंग मी त्याच्यावर बोट ठेवू का अक्षरावर ठेवू? पुस्तक आनाचं म्हंजे आनाचं."

आम्ही दोघी बसने भंडाऱ्याला गेलो. दुकानदार योगेंद्र यांनी काउंटरवर चार पुस्तके मांडली. तीन पातळ होती. चौथे नऊशे पानांचे, जाड पुठ्ठ्याचे. मी एकेक हातावर तोलून पाहिले आणि चौथे उचलले.

"आजी, हे शिकलेल्या लोकायसाठी हाये," योगेंद्र दबकत म्हणाले.

"मी काय अडाणी हावो? सातवीत केंद्रात पयली आलती."

डिंपलने ते पुस्तक कडेवर घेतल्यासारखे घरी आणले.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी चष्मा पुसून त्या ग्रंथापुढे बसले. ग्रंथ म्हणे, डावीकडील तिसरे चिन्ह निवडा. आमच्या पडद्यावर तिसऱ्या जागी भलतेच चिन्ह. ग्रंथ म्हणे, ही क्रिया आपणांस ठाऊकच आहे. मला ती ठाऊक नव्हती. सोळाव्या दिवशी यांचे डोके एका बाजूला आणि दुपट्टा दुसऱ्या बाजूला गेला. परत कसे आणावे, हे नऊशे पानांत मला सापडेना. अक्तीला जेमतेम महिना उरला होता. घरात सर्वांना कळले होते, पण विचारण्याची छाती कोणाची नव्हती.

डिंपलची मात्र होती. ती पुस्तक चाळून म्हणाली, "आजी, हे जुन्या प्रोग्रामचं हाये. आपला नवा हाये. आन् एक सांग, तू हे घेतलं काहून?"

"वजनदार होतं."

"बियान्याचं धान तू वजनावर घेतेस का?"

पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाचव्या दिवशी उघडून किती उगवले ते पाहायचे, आणि मगच त्या पोत्याला हात लावायचा: हा नियम या घरात मीच घातला. दरवर्षी दाणे मोजायला याच पोरीला बसवते. धान विकताना वजन पाहतात. पेरताना उगवण पाहतात. मी बियाणे घ्यायला जाऊन वजन करून आले होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपसह आम्ही पुन्हा दुकानात गेलो. "योगेंद्र, माहं चुकलं," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून यापूर्वी कधी निघाले असेल तर मला आठवत नाही. डिंपलने भिंतीला हात टेकला. "आता एक स्टूल दे. तिन्ही पुस्तकायचा पयला पयला धडा मी इथंच करून पाह्यतो. जे उगवन ते नेतो."

"बसा ना माय," योगेंद्र हसले. "गोनपाट देऊ का?"

पहिल्या पुस्तकाने संगणकाच्या जन्माची कथा लावली. बारा पाने झाली तरी फोटो येईना. दुसरे नुसते हुकूम सोडत होते. हुकूम सोडणारी मी घरी आहेच, दुसरी कशाला? तिसरे आमच्याच नव्या प्रोग्रामचे होते. त्याच्या पहिल्या पानावर लिहिले होते: आधी फोटोची प्रत काढा, मूळ फोटो जपून ठेवा, आता बिनधास्त चुका, ही दोन बटणे एकत्र दाबली की केलेले सगळे मागे जाते. खाली बटणांची चित्रे होती. हे लिहिणाऱ्याने शिकणारा माणूस जवळून पाहिला होता. वीस मिनिटांत मी बोडीची वाकडी पाळ सरळ केली.

"उगवलं!" डिंपल ओरडली. दुकानातले गिऱ्हाईक वळून पाहू लागले.

त्यानंतर मी रोज अर्धा धडा करीत गेले. सहाव्या धड्यापर्यंत डाग गेले, भेग बुजली, धोतराच्या निऱ्या उजळल्या. बाजूची माणसे मी कापली. भैय्याजींचा हात मात्र यांच्या खांद्यावर होता. तो पुसला तर दुपट्टाही जात होता. मी दोन बटणे दाबली आणि हात परत आणला.

अक्तीच्या सकाळी, डिंपलने पवनीहून छापून आणलेला नवा फोटो हार घालून भिंतीवर चढला. पानापुढे हात जोडताना खुशबू म्हणाली, "हा तं आपल्या घरचा दिसते." मला एवढेच ऐकायचे होते.

दुपारी भैय्याजी जेवायला आले. एक्याऐंशी वर्षांचे, काठी टेकीत. त्यांनी फोटो न्याहाळला आणि काठीच आपटली.

"वयनी! हा हात माहा व्हय! मी जित्ता हावो आन् माह्या हातावर हार?"

"मंग काढून घ्या आपला हात."

"नाई, राहू द्या. माह्या दोस्ताले आधार होते." ते खाली बसले, पापड मोडला, आणि जरा वेळाने आवाज उतरवून म्हणाले, "वयनी, तो कोट आता खाली झाला ना?"

"झाला. काहून?"

"मले घालता का? जलमभर बंडीतच गेलो. एक डाव तरी साहेब दिसलो पायजे. टाय पन पायजे."

डिंपल वाढायचे विसरून हसू लागली. मी गंभीरपणे पुस्तक मागविले व अनुक्रमणिका पाहिली.

"कपडे बदलाचा धडा अकरावा हाये. माहे सहाच झाले. मधात धानाचा हंगाम हाये, दिवाळीपर्यंत थांबा लागन."

"थांबतो ना," भैय्याजी म्हणाले, आणि ताटात आणखी एक पुरणपोळी घेतली. "मले कायची घाई हाये?"