घरचं यीस्ट आणि सुन्निवाचा दात

माझं माहेर होर्निंदालचं. तिकडे बियर उकळत नाहीत. माल्टवर गरम पाणी ओतायचं, रस गाळून घ्यायचा, यीस्ट घालायचं, झालं. पिवळी, गढूळ, एक वाटी प्यायली तर जेवल्यासारखं वाटतं. सासर वॉसचं. इथे तोच रस तांब्याच्या कढईत चार-चार तास रटरटवतात, अगदी लाल होईस्तोवर. त्यामुळे लग्नापासून माझे सासरे हालवार चारचौघांत माझी ओळख करून देतात ती अशी: "ही गुरो. आमची कच्च्या बियरची सून."

सुन्निवा सहा महिन्यांची झाली आणि रविवारी तिचा बाप्तिस्मा ठरला. बाप्तिस्म्याला बियर घरचीच लागते, आणि ती चांगलीच व्हावी लागते. खालच्या वाडीतल्या आर्नफिनच्या बाप्तिस्म्याची बियर बिघडली होती. तो आता बासष्ट वर्षांचा आहे, आणि अजून त्याला सगळे 'आंबट आर्नफिन'च म्हणतात. माझ्या लेकीला कुणी असलं काही म्हणू नये, एवढंच माझं मागणं होतं.

गुरुवारी पहाटे बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, भट्टी पेटवली. आणि त्याच मुहूर्तावर सुन्निवाचा दात हलला. हलला म्हणजे हिरडीच्या आतून वर यायला निघाला. ती माझा खांदा चावी, शाल चावी, स्वतःची मूठ चावी. माझा नवरा इवार बोटीवर जाताना म्हणाला होता, "तिच्यासाठी लाकडाचं चावणं कोरलंय. कोठारात ठेवलंय बघ." मी कोठारात गेले. खुंटीवर एक सुरेख कडं टांगलं होतं, एकात एक गुंतवलेल्या लाकडाच्या तुकड्यांचं. फटींत कसलीशी भुरी खपली साचली होती. लेकराच्या तोंडात जायचंय म्हणून मी त्यावर दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं, ब्रशने घासलं आणि दिलं तिच्या हातात.

काय सांगू! दोन तास पोरगी हूं की चूं करेना. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी पाठ टेकली.

बाबांच्या हाकेने जाग आली. ते कोठाराच्या दारात रिकामी खुंटी चाचपत उभे होते. "गुरो, यीस्टचं कडं कुठाय?"

आमच्या माहेरी यीस्टच्या पापड्या वाळवून बरणीत भरतात. इथे ते लाकडाच्या कड्यावर वाळवून टांगतात, हे मला अडीच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी पाळण्याकडे पाहिलं. सुन्निवा कड्याचा शेवटचा तुकडा मन लावून चोखत होती.

"बाबा," मी म्हटलं, "ते… मी धुतलं."

"कशाने?"

"उकळत्या पाण्याने."

बाबा खाली बसले. त्यांची गुद्रून, म्हणजे माझी सासू, जाऊन चार वर्षं झाली. ते यीस्ट तिने जपलेलं, आणि उकळत्या पाण्याने यीस्ट मरतं. त्यांनी एकदा पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या आईबापाने जन्मात काही उकळलं नाही. आणि तू उकळून उकळून नेमकं हेच उकळलंस?"

मला रडू फुटणार तेवढ्यात सुन्निवाने ढेकर दिली.

कढईतला रस अजून दोन तास उकळणार होता, मग गार होणार. तेवढ्यात यीस्ट आणायचं तर एकच घर जवळ: वरच्या उतारावरच्या मागनहिल्डकाकूंचं. पण बाबा आणि काकू अकरा वर्षं बोलत नव्हते. बियरला वास यावा म्हणून घालायच्या जुनिपर झाडाच्या फांद्या बाबा जरा सढळ हाताने घालतात, म्हणून एकदा बियर चाखायला सगळे जमले असताना काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हालवार, ही बियर नाही, सुतारकाम आहे."

"तिचं यीस्ट माझ्या पिंपात? त्यापेक्षा पाणी वाटीन."

"वाटा," मी म्हटलं. "मग सुन्निवाला काय म्हणतील? पाणचट सुन्निवा?"

 मी पोरीला पाठीला बांधलं आणि चढ चढू लागले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, फक्त चष्मा काढून डोळे पुसले आणि तळघरातून झाकणाची बरणी आणली. "घे. यीस्टला कुणी नाही म्हणत नाही. पण चाखायच्या दिवशी मला बोलावणं आलं पाहिजे. तुझं नको, त्याचं."

संध्याकाळी रस अंगासारखा कोमट झाला. बाबांनी बरणी अशी धरली, जशी दुसऱ्याच्या बाळाची लंगोटी. झाकण काढलं आणि थबकले. पुन्हा वास घेतला. संत्र्याच्या सालीचा वास होता, गोडसर.

"हे तर आपलंच," ते हळूच म्हणाले. "मागनहिल्डचं तळघर बुडून यीस्ट गेलं होतं त्या वर्षी… गुद्रून एप्रनखाली काहीतरी घेऊन वर गेली होती. मला म्हणाली, अंडी."

त्यांनी यीस्ट ओतलं. आता रीतीप्रमाणे ओरडायचं असतं. पिंपावर वाकून, छाती फुटेस्तोवर. नाहीतर बियर मेंगळट होते. बाबांनी श्वास भरला, तोंड उघडलं, आणि घशातून नुसती हवा आली. डोळे भरले होते. वाफेने, म्हणाले.

म्हणून मी सुन्निवाच्या हातातलं कडं काढून घेतलं.

असा टाहो त्या भट्टीघराने कधी ऐकला नसेल. कढई घणघणली, कुत्रं बाकाखाली शिरलं. ती गप्प झाल्यावर वरच्या उतारावरून आवाज आला, "हालवार! पोर तुझ्यापेक्षा बरी ओरडते रे!"

बाबा दारात गेले. माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि कुठूनसा गेलेला आवाज परत आला. "शनिवारी ये चाखायला! आणि तोंड घरी ठेवून ये!"

शनिवारी काकू आल्या, तोंडासकट. लाकडी वाडगा दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला, दुसरा घेतला. बाबा छताकडे बघत होते. इवार नुकताच बोटीवरून आला होता; तो माझी करंगळी घट्ट धरून उभा.

"सुतारकामच आहे," काकू म्हणाल्या. तिसरा घोट घेतला. "पण या वेळी रंधा मारलाय."

कडं पुन्हा खुंटीवर आहे, नव्या यीस्टने माखलेलं. एका तुकड्यावर त्या गुरुवारीच वर आलेल्या दाताची बारीकशी खूण आहे. बाबा आल्यागेल्याला ती दाखवतात.