साखरेचे कडे आणि चार माणसे

मार्च सरत आला की कोकंद शहरातला सकाळचा उजेड आपली घाई विसरतो. हिकमतच्या खोलीत तो आधी खिडकीच्या वरच्या काचेवर राखाडी होऊन नुसता थांबला. मग अंगणातल्या जर्दाळूच्या फुलोऱ्यातून गाळून आल्यासारखा किंचित गुलाबी झाला आणि भिंतीवरून उतरू लागला, शिडी उतरणाऱ्या वयस्क माणसासारखा, एकेक पायरी चाचपत. कोपऱ्यातल्या नकाशांच्या गुंडाळ्यांना त्याने जाता जाता हात लावला. चहाच्या निळ्या किटलीवर कापसाचे बोंड रंगवलेले होते, त्या बोंडाला त्याने घटकाभर खरा कापूस केला. जमिनीवर पोचल्यावर तो सतरंजीच्या एका विरलेल्या कडेशी बराच वेळ बसून राहिला. आणि मग, जणू इतका वेळ तो तिकडेच निघालेला होता, कपाटाच्या काचेवर चढला.

कपाटात सुतळीने बांधलेले पुठ्ठ्याचे दोन डबे होते. दोन्हींत हलवा, एकात गेल्या वर्षीचा, दुसऱ्यात त्याच्या आदल्या वर्षीचा. दोन्हींवर हिकमतच्या नेटक्या, नकाशे काढून काढून घडलेल्या अक्षरात एकच नाव होते: एल्योर.

टपालात हलव्याचा भुगा होतो, तो हातातच द्यायला हवा, असे हिकमत कुणी न विचारताही सांगत असे. उजेड त्या नावावर रेंगाळला, तेव्हा अंथरुणात हिकमतने कूस बदलली.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ तोलिबचा आवाज आला. "हिकमत! ए नवरदेवा! भात संपला ना, तर तुलाच कढईत घालीन!"

तोलिब दातांचा डॉक्टर होता आणि शहरातली एकूण एक मिठाईची दुकाने त्याला तोंडपाठ होती. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्याला आजवर वाटले नव्हते. नवरोज उलटल्यावरचा पहिला शनिवार-रविवार त्याच्या मोटारीत बसून खात हिंडायचे, हा चार मित्रांचा नऊ वर्षांचा नेम होता. रावशन त्यासाठी ताश्कंदहून येई. तिकडे तो पुलांचे आराखडे करत असे. चौथा एल्योर. तीन वर्षांपूर्वी तो कोरियात जहाजांच्या कारखान्यात कामाला गेला, तेव्हापासून मागच्या आसनाची डावी बाजू रिकामी असे.

आज ती रिकामी नव्हती.

"हा शोनझर," रावशन म्हणाला. "माझ्याच कचेरीत आहे. पार पश्चिमेकडच्या खोरझमचा. सुट्टीत खोलीवर भिंती मोजत बसला असता, म्हणून उचलून आणला."

दांडगा, रुंद खांद्यांचा तो तरुण संकोचून सरकला. मोठ्या भावाला म्हणतात तसे 'अका' म्हणत त्याने छातीवर हात ठेवला. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, हिकमत-अका."

"ऐकलंत ते विसरा," तोलिब म्हणाला. "पोटात जागा ठेवा फक्त."

हिकमत पुढच्या आसनावर जाऊन बसला. शोनझरचा काही अपराध नव्हता, हे त्याला कळत होते. त्यामुळेच त्याचा राग अधिक अवघडलेला होता.

चहाखान्यात तांबूस तांदळाचा पुलाव एका मोठ्या ताटात आला. वाढणाऱ्याने चार प्याले मांडले. हिकमतने पाचवा मागून घेतला, त्यात दोन घोट चहा ओतला आणि तो ताटाच्या कडेला ठेवून दिला.

"एल्योरचा फोन आला होता," तो म्हणाला. "शरदात नक्की येतो म्हणालाय."

रावशनने भाकरी मोडता मोडता तोलिबकडे पाहिले. तोलिब भातात पाहत म्हणाला, "गेल्या खेपेला वसंतात येतो म्हणाला होता ना?"

"कामं असतात रे माणसाला."

"असतात बाबा," तोलिब चटकन म्हणाला आणि पाहुण्याकडे वळला. "कसा आहे भात? तुमच्याकडे म्हणे पांढराच करतात. आजारी माणसाला देतात तसा."

शोनझरने शांतपणे चमचा ठेवला. "पांढराच करतो, डॉक्टर. मांस पटकन दिसावं म्हणून. तुमच्या भातात ते शोधायचं तर रावशन-अकांना पूल बांधायला लागेल."

शेजारच्या बैठकीवरचे दोन म्हातारे खळखळून हसले. तोलिबने मांडीवर थाप मारली. कोकंदमध्ये टोमण्याला टोमणा परतवता आला की माणसाचा निम्मा परकेपणा तिथेच संपतो. "आणला कुठून रे हा?" तो रावशनला म्हणाला. "परत नेऊ नकोस!"

हिकमतलाही हसू आले होते. ते त्याने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.

मग तो दिवस एखाद्या मिरवणुकीसारखा पुढे गेला. तंदूरच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी मांस भरलेले सोमसे खाल्ले. चरबीचा चटका बसून रावशन एका पायावर नाचला. बाजारात तिळाचा, अक्रोडाचा आणि दुधाचा असे तीन हलवे चाखले, आणि विकणारी बाई "चाखताय की जेवताय?" म्हणेपर्यंत तोलिबने निर्णय दिला नाही. एका दुकानात त्याचाच एक रोगी गाल धरून जर्दाळूचा मुरंबा घेताना सापडला. दोघांनी एकमेकांना पाहिले, आणि दोघांनीही आपापल्या हातातले पाठीमागे लपवले. शोनझर हसता हसता भिंतीला टेकला. ऊन गच्चीगच्चीवर सांडत होते, रस्त्यावरच्या तुतींना पोपटी टोके फुटली होती, आणि हिकमत, सगळ्यांच्या अर्धे पाऊल मागे, जिथे जाईल तिथे एक घास जास्तीचा घेत होता आणि मग तो कुणाला द्यावा हे न कळून स्वतःच खात होता.

रविवारी सकाळी ते उस्ताद मामादलींच्या मिठाईच्या कारखान्यात गेले. विद्यार्थी असताना चौघांनी तिथे नवरोजच्या आधीचे काही आठवडे काम केले होते. तेव्हापासून दर वर्षी एकदा तिथे पश्मकाचे, म्हणजे लोकरीसारख्या तारांच्या हलव्याचे, एक कडे ओढायचे, असा त्यांचा रिवाज पडला. साखरेचा पाक ताणून त्याचे पांढरे कडे करायचे, तुपात भाजलेल्या पिठात ठेवायचे, आणि चार माणसांनी चार बाजूंनी ओढत, दुमडत, पुन्हा ओढत त्याची लोकर करायची. तिघांनी ओढले तर ते एका बाजूला लोळते आणि तुटते. म्हणून गेली दोन वर्षे ते नुसते खाऊन परतले होते.

उस्ताद चुलीपाशीच होते. "या पोरांनो. पाक चढवलाय."

"उस्ताद," हिकमत म्हणाला, "एल्योर आल्यावर करू या ना. शरदात..."

"हे तू मला दोनदा सांगितलंयस." म्हाताऱ्याने पळीवरचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी दाबून पाहिला. "माझा खांदा तिसऱ्यांदा ऐकायला राहील असं नाही. चौथा माणूस आणलाय की. हात धुवा."

हिकमत आणखी काही म्हणायच्या आत इतरांनी बाह्या वर केल्या होत्या. गोल परातीभोवती चौघे गुडघ्यांवर बसले. शोनझर एल्योरच्या जागी, हिकमतच्या बरोबर समोर.

पूर्वी एल्योर ताल मोजत असे. आता शोनझरने दबक्या आवाजात सुरुवात केली; त्याचे आजोबा नावाडी होते, दोर ओढताना म्हणायचा एक हुंकार त्याला येत होता. कडे उबदार होते, जिवंत असल्यासारखे हातातून सरकत होते. पहिली घडी पडली. दुसरी. तिसरी. पाचव्या घडीला ते पातळ झाले आणि तुटले.

"सवय नाही मला," शोनझर ओशाळून म्हणाला. "माझंच चुकलं."

"तुझ्या हातात नाही तुटलं," उस्ताद म्हणाले. "हिकमत, तुझ्या हातात तुटलं. सगळे ओढतात आणि तू थांबतोस. कुणासाठी थांबतोस रे?"

हिकमतने पिठाने माखलेल्या तळहातांकडे पाहिले. उस्तादांनी दुसरे कडे ठेवले.

या वेळी त्याने समोर पाहिले. समोरचे कपाळ रुंद होते, घामेजलेले होते, आणि त्यावरची एकाग्रता इतकी प्रामाणिक होती की तिच्यावर रागावणे कठीण होते. हुंकार आला. हिकमतने ओढले. पुन्हा आला, पुन्हा ओढले. सहावी घडी, आठवी, दहावी. कड्याचे दोर झाले, दोरांचे धागे, धाग्यांचे केस. तोलिब मोठ्याने ओरडू लागला, उस्तादही गुडघ्यावर ताल धरू लागले, आणि दारातून येणारे ऊन त्या पांढऱ्या तंतूंत शिरून बाहेर पडायची वाट विसरले. हिकमतला कळले की आपणही ओरडतो आहोत.

"चौदा घड्या!" रावशन म्हणाला. "सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी तारा."

"मोजल्यास?"

"गणित असतं, गाढवा."

"मग खाल्ल्यावर किती उरल्या तेही सांग," म्हणत तोलिबने मूठभर तोंडात कोंबले. पश्मक जिभेवर ठेवताच नाहीसे झाले. चौघांच्या मिशांना, भुवयांना पीठ लागले होते आणि एकमेकांकडे पाहून ते नुसते हसत होते.

उस्तादांनी सवयीने एक डबा भरला, सुतळी बांधली आणि पेन्सिल हिकमतपुढे धरली. "घे. नाव घाल."

"एल्योर-अका शरदात आले की मलाही बोलवा हं," शोनझर म्हणाला. "ज्यांच्या जागेवर बसलो, त्यांना भेटायला हवं."

हिकमतने पेन्सिल टेकवली. ती तिथेच थांबली. मग त्याने ती खाली ठेवली, सुतळीची गाठ सोडली आणि डबा उघडून शोनझरपुढे सरकवला.

"खा रे. हे ताजंच खायचं असतं."

तोलिब चघळायचा थांबला.

"एल्योरला तिकडे घर मिळालंय," हिकमत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटेल इतका साधा होता. "मुलगी शाळेत जाते. फोनवर तो तिचंच सांगत असतो."

"आणि शरदात?" शोनझरने विचारले.

रावशनने त्याचा दंड दाबला. पण हिकमतने रावशनकडे पाहून मान हलवली, विचारू दे, अशा अर्थाने.

येतो, असे एल्योर तीन वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता; ते हिकमतच सांगत आला होता.