खंडेनवमीचा डाग

मी बोलतेय. मला तोंड नाही, एक दांडा आहे. पण तो ओढला की जो आवाज निघतो, त्याला माझ्या मालकाची बायको ‘म्हातारीची कुरकुर’ म्हणायची. तेव्हा मी चांगली कोरी करकरीत होते. आता खरंच म्हातारी आहे, तेव्हा कुरकुरायचा हक्क माझा.

मी काडतुसं भरायची प्रेस. नेमबाजीच्या क्लबात बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी खाली पडते. हौशी नेमबाज ती फेकत नाहीत, घरी आणून पुन्हा भरतात. दांडा ओढला की माझा पोलादी दट्ट्या वर सरकतो आणि पुंगळी साच्यात घट्ट बसते. एवढंच माझं काम. मी भरलेल्या काडतुसांनी आजवर फक्त कागदाला भोकं पाडली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघतात.

अमेरिकेतल्या एका फौंड्रीत मला ओतलं, हिरवा रंग दिला आणि भुश्शाच्या खोक्यात घालून बोटीनं नेदरलँड्सला धाडलं. तिथल्या एनस्खेडे गावच्या हेंकनं मला घेतलं, तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याची बायको विल्मा रुसली. “मला अजून कपाट नाही, आणि हिला टेबल!” पण दर रविवारी दुपारी कॉफीचा थर्मास घेऊन तीच शेजारी येऊन बसायची आणि एकेक पुंगळी पुसून त्याच्या हातात द्यायची. थंडीत माझा दांडा हेंकच्या हाताला झोंबायचा, म्हणून तिनं सायकलची जुनी ट्यूब कापून त्यावर गुंडाळली. ते रविवार मला अजून आठवतात. दोघं फारसं बोलत नसत, पण तिथून उठायचंही नाव घेत नसत.

मग विल्मा गेली. पाठोपाठ हेंकला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. माझा दांडा उजवीकडे. सहा वर्षं मी रंगाच्या डब्यांमागे गंजत पडले. गेल्या जुलैत त्यानं मोडक्या खुर्च्यांबरोबर मलाही फुटपाथवर ठेवायला लावलं. मोठा कचरा न्यायची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

त्याच सकाळी मनोहर फिरायला निघाले होते. पुण्याजवळ भोसरीच्या कारखान्यात, साचे नि हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांची मुलगी इरावती इथल्या विद्यापीठात संशोधन करते, हेंकपासून चार घरं सोडून राहते. वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळून गेले होते. भांडी मशीन घासतं, भाजी चिरलेली मिळते. बिचाऱ्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना दोनदा तेल घातलं होतं.

मला पाहताच ते वाकले, नखानं गंज खरवडला आणि सरळ उचलून घरी घेऊन आले.

“बाबा, हे काय आणलंत?” इरावती किंचाळलीच. “असं कोणाचं उचलून आणत नाहीत इथे! आणि ही वस्तू कसली आहे कल्पना आहे का? उद्या खेमेंतेचं लेटर येईल मला!”

“येऊ दे ती नगरपालिका. अगं, अस्सल बीड आहे, कुठे तडा नाही! असलं फेकतात?”

शेवटी ती त्यांना हेंककडे घेऊन गेली. हेंकनं डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. तो म्हणाला, तिनं मराठीत सांगितलं: “परवाना डिसेंबरपर्यंत आहे, मग मी परत करणार. डाव्या हातानं पिस्तूल धरायला शिकलोय. ऑक्टोबरात क्लबची मॅच आहे, माझी शेवटची. स्वतः भरलेली काडतुसं घेऊन जावं असं फार वाटत होतं. पण हात नाही, तर ही काय कामाची?”

मनोहरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “त्यांना म्हणावं, ऑक्टोबरच्या आत देतो.”

माझा पुनर्जन्म सायकलींच्या शेडमध्ये झाला. सुपरमार्केटमधून व्हिनेगरच्या आठ बाटल्या आणून त्यांनी मला बादलीत बुडवून ठेवलं. घरभर इतका वास, की इरावती दोन दिवस मैत्रिणीकडे जेवली. झिजलेल्या बुशच्या, म्हणजे दट्ट्याभोवतीच्या नळीच्या, जागी त्यांनी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये नवा बुश कातून घेतला. दांडा वीतभर लांब केला, म्हणजे जोर कमी लागावा, आणि उजवीकडून डावीकडे आणला. जुनी ट्यूब इरावती टाकून देत होती.

“थांब. कोणीतरी हातानं गुंडाळलीय ती,” मनोहर म्हणाले, आणि नव्या दांड्यावर पुन्हा गुंडाळली.

दट्ट्या तर त्यांनी असा घासला की त्यात त्यांची मिशी दिसायची. “आमच्या कारखान्यातलं आरशासारखं फिनिश,” म्हणायचे. त्यांचा सगळा जीव त्या फिनिशमध्ये.

एक ऑक्टोबरला हेंक पुंगळ्यांचा डबा घेऊन दारात हजर. मॅच शनिवारी होती. पण त्या दिवशी खंडेनवमी! मनोहरांनी मला पाटावर बसवलं होतं, झेंडू वाहिला होता, दट्ट्यावर ओलं हळदकुंकू लावलं होतं. शेजारी पाना, पक्कड आणि इरावतीचा लॅपटॉपही.

“आज नाही. आज हत्यारांची पूजा, आज हत्यार विश्रांती घेतं,” ते म्हणाले. “उद्या दसरा. उद्या सकाळी या.”

हेंकला कळेना. “माझी प्रेस, मी आलोय, आणि हा माणूस तिला फुलं घालून नको म्हणतो?” तो तांबडालाल होऊन तरातरा निघून गेला.

“बाबा, उद्या दुपारी तुमची फ्लाइट आहे! ते आलेच नाहीत तर?”

मनोहरांनी माझ्यावरचा घसरलेला झेंडू पुन्हा नीट ठेवला. मला मात्र धाकधूक वाटत होती. हेंक रुसला की आठवडाभर राग धरतो, हे मला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी मनोहरांनी माझ्यावरचं कुंकू पुसलं आणि नखानं खरवडून पाहिलं. दट्ट्यावर अंगठ्याएवढा तपकिरी डाग. भोसरीत यंत्रं कायम तेलकट. कुंकू तेलावर बसायचं. इथे पूजेसाठी म्हणून त्यांनी माझं तेल स्वच्छ पुसून काढलं होतं, आणि उघड्या पोलादावर ओलं कुंकू रात्रभर राहिलं. “छत्तीस वर्षं काम केलं, आणि शेवटच्या जॉबला गंज चढवला,” ते म्हणाले. आणि त्यांनी पॉलिश पेपर उचलला.

तेवढ्यात दारात हेंक. त्याला दिसला तो डाव्या बाजूचा दांडा, आणि त्यावरची ट्यूब. तो जवळ आला, ट्यूबवरून अंगठा फिरवला. “विल्मा,” एवढंच म्हणाला. इरावतीनं त्याला डागाची हकीकत सांगितली. मनोहर पेपर घासायला लागणार, तर हेंकनं डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. “राहू दे, बाबा.” इरावती म्हणते म्हणून तोही त्यांना बाबाच म्हणायचा.

मग त्यानं दांडा ओढला. सहा वर्षांनी. मी कुरकुरले, अगदी मुद्दाम. दोघा म्हाताऱ्यांचे डोळे एकदमच भरून आले, आणि दोघंही कुठे दुसरीकडेच बघायला लागले.

मॅचमध्ये हेंक अकरावा आला. बारा जण होते. व्हिडिओ कॉलवर त्यानं मनोहरांना आपलं टार्गेट दाखवलं, तेव्हा पुण्यात पेढे वाटले गेले म्हणे.

डिसेंबरात त्यानं परवाना परत केला आणि मला क्लबाला दिलं. आता मी खिडकीपाशी असते, रोज कामाला. रविवारी हेंक येतो, दुसऱ्या कोणाला पुंगळ्या पुसून देतो, आणि जाताना डागाभोवती तेल लावतो. डागावर नाही.

पण हेंक काही कायमचा यायचा नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी मला घासायला घेतलंत, तर बाकी सगळी लख्ख करा. ट्यूब तेवढी काढू नका. आणि दट्ट्यावरचा तो अंगठा... गंजच आहे तो, मला ठाऊक आहे. तरी राहू द्या.