लाल रेघेखालची खूण

मित्रांनो, टाचा टेकवा, पाठ ताठ करा आणि ऐका. मी रेवसच्या धक्क्यावरची उंची मोजायची जुनी फळी आहे. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच इथून सुटते आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी माझी जागा आहे. माझ्या अंगावर साडेचार फुटांवर एक लाल रेघ आहे. डोकं रेघेखाली असलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर फुल. एवढंच माझं काम.

एका मोडीत निघालेल्या होडीतून बुधाजी सुतारांनी मला वेगळं काढलं. रंधा मारला, इंचाइंचाच्या खुणा कोरल्या आणि भिंतीला ठोकताना म्हणाले, "समुद्राचं पानी प्यालंय हे लाकूड. खोटं बोलायचं न्हाय."

खोटं माझ्यापुढे माणसंच बोलायची. आया मुलांच्या कानात सांगायच्या, "गुडघे वाकव जरा." आजोबा नातवाच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवायचे आणि हळूच खाली दाबायचे. खिडकीत बसणारी कल्पिता हसायची. "काकी, पोराला मिसरूड फुटलंय, आणि अजून सातवं वर्षच चालू आहे होय?" रांगेतले सगळे हसायचे, काकीसुद्धा. पोरं मात्र चोरून टाचा उचलायची. कोणी केसातल्या पिनेने, कोणी दगडाने माझ्यावर आपल्या उंचीची खूण करून ठेवायचं आणि पुढच्या सुट्टीत येऊन पहिल्यांदा तीच शोधायचं. आईबापांना मूल लहान हवं असायचं आणि मुलांना मोठं व्हायचं असायचं.

इतक्या वर्षांत रेघेखालच्या मुलाला आपणहून फुल तिकीट मागणारा माणूस मी पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा.

असा माणूस तीन वर्षांपूर्वी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली, बोलणं गोड. सोबत एक मुलगी होती. "ताई, दोन फुल द्या."

कल्पिताने खिडकीतून मान बाहेर काढली. "अहो, मुलगी लहान दिसते. फळीला उभी करा, अर्ध्यात बसेल."

"नको नको, कशाला? नियम म्हणजे नियम. बारीक आहे, पण वयाने मोठी आहे."

रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. फळांची टोपली घेऊन बसणाऱ्या रहिमुन्निसा चाचींनी मागच्या बाईला ऐकवलंसुद्धा, "बघ गो, याला म्हनतात इमान. नायतर तू!" कल्पिताने हसून दोन फुल तिकिटं फाडली.

तो सुट्टे पैसे खिशात घालत होता, तेवढ्यात ती मुलगी माझ्याजवळ आली. कोणी सांगितलं नव्हतं. पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवून, अगदी खरीखुरी. मग केसातली पीन काढली, डोक्यामागे हात नेला आणि माझ्यावर एक बारीक आडवी खूण केली. लाल रेघेच्या तीन इंच खाली. वळून खुणेकडे बघत होती, तर त्याने मनगटाला धरून तिला नेलं. लाँच सुटली.

मला सगळं दिसत होतं, मित्रांनो. तोंड नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या. मुलं आली, आपापल्या खुणा शोधून ओरडली, "दोन बोटं वाढलो!" त्या खुणेपाशी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही नाही.

मग तिकिटाचं मशीन आलं, खिडकीला नवी काच बसली आणि मला उतरवून दाराआड ठेवलं. बाजूला खराटा, रंगाचे रिकामे डबे. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली. दाराच्या फटीतून धक्क्याची एक पट्टी तेवढी दिसायची आणि आवाज ऐकू यायचे.

गेल्या बोरांच्या दिवसांत, भर दुपारी, तोच आवाज आला. "ताई, दोन फुल द्या."

कल्पिताची बोटं मशीनवर थांबली. फटीतून मला दिसली ती दुसरीच मुलगी. हिच्या पायात मोठ्या बाईच्या उंच टाचेच्या चपला होत्या, ओठांना लाली होती, आणि हातातली पिशवी तिने पोटाशी धरली होती.

"मुलगी केवढी आहे?" कल्पिताने विचारलं.

"एकोणीस पूर्ण. आधार आहे, दाखवू?" त्याने कार्ड काचेला लावलं.

समोर लाँचच्या इंजिनाची धडधड सुरू झाली होती. लाँचला लावलेल्या फळकुटावरून माणसं चढू लागली होती. पाच मिनिटं, फार तर सात. लाँच सुटली की मुलगी मुंबईच्या गर्दीत मिसळणार आणि मग कोणाला सापडणार? स्टेशनांवर निदान विचारणारे असतात. लाँचवर सगळे सहलीला आलेले; कोण कोणाला विचारतं?

कल्पिता उठली. दाराआडून मला ओढून काढलं आणि भिंतीला टेकवलं.

"उंची घ्यावी लागेल."

"मॅडम, मी फुल मागतोय! उंची कशाला?"

"तेच तर कळत नाही मला," कल्पिता म्हणाली. "सगळं गाव अर्ध्यासाठी भांडतं माझ्याशी."

त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे बदलले. "लाँच चुकेल आमची. तिकीट द्यायचं तर द्या, नाहीतर लाँचवरच काढतो." त्याने मुलीचा दंड धरला आणि तो धक्क्याकडे निघाला.

कल्पिताने चाचींकडे नुसतं पाहिलं. चाचींचा मुलगा तौहीद दोहाला कामाला आहे. परदेशी नेतो म्हणून गोड बोलणारे असे पुष्कळ लोक त्यांनी पाहिले होते. फळकुटाच्या तोंडाशी त्यांनी बोरांची टोपली उलटी केली.

"या अल्ला! माझी बोरं! पाय देऊ नका रं मेल्यांनो, उचला!"

"चाची, बाजूला व्हा, लाँच सुटतेय!" खलाशी ओरडला.

"सुटू दे! मला चिरडून सुटू दे! तुझ्या आईला सांगते मी, थांब!"

निम्मी रांग हसत खाली बसली. आणि मित्रांनो, ती एकोणीस वर्षांची मुलगीही बसली. टाचेच्या चपला काढून, उकिडवी. पटापट ओंजळभर बोरं वेचली, चाचींच्या टोपलीत टाकली आणि एक हळूच तोंडात. ते चावायला तोंड उघडलं तेव्हा मागोमाग आलेल्या कल्पिताला दिसलं. वरचा सुळा नव्हता. नुकताच पडला होता. हिरडीतून नव्या दाताचं पांढरं टोक डोकावत होतं. कल्पिताच्या मुलीचा, आरोहीचा, असाच दात मागच्या महिन्यात पडला होता. आरोही अकरा वर्षांची आहे.

तोवर कल्पिताचा १०९८ ला फोन लागला होता. मुलांसाठीचा तो नंबर तिने आरोहीला पाठ करून दिला होता, स्वतः पहिल्यांदाच लावला. खलाशाला तिने एकच सांगितलं, "लाँच हलली तर याद राख."

माणूस पळाला नाही. उलट आवाज चढवून भांडू लागला. "माझी भाची आहे! बदनामी करता?" दोन-तीन प्रवासीही त्याच्या बाजूने बोलले. "सोडा ना बाई, उगाच खोळंबा." चौकीतले पोलीस येईपर्यंतची ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब वीस मिनिटं होती. पोलीसबाईंनी मुलीला खिडकीपाशी आणून नाव विचारलं, मराठीत, हिंदीत. मुलगी नुसती माणसाकडे बघायची आणि मान खाली घालायची.

दोन्ही भाषा मुलीला कळत नाहीत, नेपाळची असावी असं पोलीसबाईंनी सांगितलं, तेव्हा फोनवरच्यांनी एक जोडणी करून दिली. सीमेपलीकडे, नेपाळात, अशीच मुलं शोधणारी एक बाई होती. कल्पिताने फोन मुलीच्या कानाला लावला. पलीकडून काय विचारलं ते मला समजलं नाही. मुलीने ऐकलं, एकदम माझा आधार घेतला आणि एकच शब्द म्हणाली, "आमा."

तो कोणालाच समजावून सांगावा लागला नाही.

तिचं नाव मनमाया. वय बारा. शिकवतो, कामाला लावतो असं सांगून त्या माणसाने तिला सीमेपार आणलं होतं. दोन महिने नागावच्या एका बंगल्यात भांडी घासायला ठेवलं, खोटं कार्ड करून घेतलं, आणि त्या दिवशी ती पुढे परदेशी जायची होती. मला टेकून उभी होती तेव्हा लाल रेघेच्या चार बोटं खाली होती.

त्या माणसाला पोलिसांनी तिथूनच धरून नेलं. मनमायाला घरी पोचायला तीन महिने लागले. इथल्या बालकल्याण समितीने तिला निवाऱ्यात ठेवलं, तिकडून शाळेचा दाखला आला, इकडून पोलिसांचे कागद गेले. नुसतं गाडीत बसवून दिलं असतं तर वाटेत तसाच दुसरा माणूस भेटला असता. सीमेवर इकडच्या बाईंनी तिचा हात तिकडच्या बाईंच्या हातात दिला, मगच सोडला.

पण तिकडून एक प्रश्नही आला. मनमायाच्या गावातून तिच्या आधी त्याच माणसाबरोबर आणखी एक मुलगी गेली होती. बिपना. तुमच्या धक्क्यावर कोणी पाहिली का?

कल्पिता त्या दिवशी खिडकीत बसून रडली. "मी हसून तिकीट दिलं हो चाची. मीच."

"आन् मी इमानदार म्हनलं त्याला," चाची म्हणाल्या. मग कल्पिता माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, जुन्या खुणांवरून बोट फिरवू लागली आणि रेघेखाली तीन इंचांवर थांबली. पीन टेकवून ओढलेली बारीक खूण. ती खूण होताना खिडकीच्या काठावरून तिने पाहिली होती, आणि तेव्हा गोड वाटलं होतं तिला.

पोलिसांनी माझा फोटो काढला, टेप लावली. चार फूट तीन इंच. त्या माणसाकडे सापडलेल्या बिपनाच्या खोट्या कागदावर वय वीस आहे. खुणेचा फोटो आणि त्या प्रवासाची तारीख सीमेपलीकडे गेली. आता दोन्ही देशांतले लोक तिला शोधताहेत. माग मुंबईपर्यंत लागतो. पुढे लागत नाही.

मला आता पुन्हा भिंतीवर ठोकलंय. कुजका कोपरा कापला, नवा रंग दिला. त्या खुणेभोवती मात्र कल्पिताने चिकटपट्टी लावून लिहिलं आहे: इथे रंग लावू नये. मशीन असूनही प्रत्येक मुलाला ती माझ्यापुढे उभं करते. लोक कुरकुरतात. करू देत.

मित्रांनो, मला रंग नका देऊ, धूळही नका पुसू. पण तुमच्या शेजारी उभं असलेलं मूल एकदा नीट बघा. त्याच्याऐवजी दुसरंच कोणी उत्तरं देत असेल, लहान मुलाला कोणी मोठं म्हणत असेल, तर लाँच चुकू द्या आणि १०९८ लावा. तुमची चूक निघाली तर फार तर कोणी रागावेल.

सुट्टी लागली की मुलं येतात, आपापल्या खुणेपाशी उभी राहतात. दरवेळी एक तरी विचारतं, "ही कोणाची?"

"बिपनाची," कल्पिता सांगते. "ती आली की बघू, किती वाढली."

मी लाकूड आहे, मला वाट पाहता येते. आतापर्यंत तिचं डोकं लाल रेघेच्या वर जायला हवं होतं.