रिकामी खुर्ची परत करायची नसते

कंपनीतल्या लोकांना वर्षातून एकदा समाजाचं भलं करायची उबळ येते, आणि ती नेमकी शनिवारी येते. त्या शनिवारी ती राजारामपुरीतल्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्रावर येऊन आदळली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे केंद्र चालवायला घेतलं. पेशंटला लागणारे वॉकर, कुबड्या, कॉट, चाकांच्या खुर्च्या आम्ही घरी वापरायला फुकट देतो. गरज संपली की वस्तू परत आणायची, एवढीच अट. ती कोणी पाळत नाही.

पुण्याहून आलेल्या त्या पाचजणांनी एकसारखे पोपटी टी-शर्ट घातले होते. त्यांचा म्होरक्या सौमित्र. तोंडाने गोड, पण कल्पनांचा नळ एकदा सुटला की बंद म्हणून होत नव्हता.

"मॅडम, खुर्चीला सेन्सर लावू. ॲप काढू. वस्तू वेळेत परत करणाऱ्याला स्टार देऊ."

"स्टार राहू दे," मी म्हटलं. "मला उद्या सकाळी एक खुर्ची पाहिजे."

कारण खुर्चीसाठी संघप्रिया समोरच बाकावर बसून होती. पोरीने आमच्याच गल्लीत कोचिंग क्लास काढला होता आणि रविवारी त्याचं उद्घाटन होतं. फीत तिची आई, मीनाबाई, कापणार होती. मीनाबाईंनी मजुरी करून हिला एम.एस्सी. केलं. मागच्या वर्षी त्या घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणाला तरी बोलव, असं सगळे सांगून दमले.

"आई आली नाही तर फीत तशीच राहील," संघप्रिया म्हणाली. "मुलं खालून वाकून आत येतील."

हसत म्हणाली, पण मी लगेच दिलेल्या वस्तूंची वही उघडली.

आमच्या झाडून सगळ्या खुर्च्या बाहेर होत्या. त्यातली एक उचगावच्या उदयसिंहांकडे. गडी कधीच बरा होऊन मोटरसायकल हाकत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. सौमित्रला गाडीत घातलं आणि तडक उचगाव गाठलं.

खुर्ची सोप्यात होती, पुसून लख्ख. उदयसिंहांची बायको चिमणाबाई मला बघताच कपाळाला हात लावून खाली बसली.

"बाई, आम्ही काय चोर हाय व्हय? पर खुर्ची रिकामी कशी पाठवायची?"

"म्हणजे?"

"शेजारणीची वाटी तरी रिकामी देतो का आपण? चिमूटभर साखर घालतोच की. आता एवढ्या मोठ्या खुर्चीत काय घालायचं, तुम्हीच सांगा."

बाईनं प्रयत्न सोडले नव्हते. वाटीभर साखर ठेवून बघितली, ती फारच दरिद्री दिसली. गुळाची ढेप ठेवली, तर उदयसिंह येता-जाता तिचा खडा मोडून खात राहिले. शेवटी भावकीनं बसून निकाल दिला, की खुर्ची माणसाची, तर तिच्यात माणूसच घालून पाठवायचा. जावयाला विचारलं, तो रुसून जेवणाच्या ताटावरून उठून गेला.

माझं डोकं सणकलं. "मी रिकामीच नेते," मी म्हटलं.

"न्या की. आमच्या दाराला नाव लागलं तर लागू दे," म्हणत चिमणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आता रडणाऱ्या बाईपुढून खुर्ची ओढून कशी न्यायची? आणि खरं सांगते, कुणाचा डबा रिकामा परत करणं माझ्यानंही जन्मात झालेलं नाही.

"मॅडम, मी बसतो की!" सौमित्र ओरडला. सकाळपासूनची त्याची ही पहिली कामाची कल्पना.

चिमणाबाईंनी त्याला टिळा लावला. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीत नारळ. उदयसिंह खुर्ची ढकलत भावकीतल्या एकाच्या टेम्पोकडे निघाले आणि गावभर बोभाटा झाला. "असं चालतंय व्हय?" म्हणत घराघरांतून आमच्या वस्तू बाहेर पडू लागल्या. माळ्यावरून उतरल्या, गोठ्यातून निघाल्या. आता प्रत्येकाला आत घालायला एक पोपटी टी-शर्टवाला पाहिजे होता. सौमित्रने फोन करून उरलेले चौघे मागवले. एकजण संडासाच्या खुर्चीत ताठ बसून आला. एकजण कॉटवर आडवा होऊन आला, छातीवर झेंडूचा हार. वाटेत दोघांनी त्याला नमस्कारही केला. वॉकर रिकामा कशाला म्हणायचा आणि भरलेला कशाला, यावर बराच वाद झाला. शेवटी एका मुलीला त्यात उभं करून टेम्पोत चढवलं.

दिवेलागणीला केंद्र गच्च भरलं. सौमित्रने टोपी काढली. "निघतो मॅडम, पुण्याची गाडी आहे."

"कुठं निघाला?" टेम्पोबरोबर आलेल्या चिमणाबाई गरजल्या. "भांड्यातनं आल्यालं कुणी परत न्हेतंय व्हय? पावणं, तुम्ही आता बाईंचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने नारळ फोडायला घेतला. रीत म्हणजे रीत. पाचहीजण केंद्रातच झोपले. कॉटना काही तोटा नव्हता.

रविवारी मीनाबाईंना खुर्चीतून आणलं ते सौमित्रनेच. अंगावर पांढरी साडी, केसांना तेल. कात्री हातात घेऊन त्यांनी आधी पाटीवरचं लेकीचं नाव सावकाश वाचलं आणि मग फीत कापली. टाळ्या वाजल्या. संघप्रिया आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून रडली, आणि मीही रडले. लपवायचं काय त्यात?

पेढे वाटून झाले. "आई, दमलीस. घरी सोडायला सांगू?" संघप्रियाने विचारलं.

मीनाबाई रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे मान वर करून बघत होत्या.

"हिच्यावर वाळू वाहिली मी," त्या म्हणाल्या. "ह्या समद्या गल्ल्यांत वाहिली. डोक्यावर पाटी असल्यावर वर बघाय येत न्हाय." मग सौमित्रकडे वळल्या. "पावणं, जरा फिरवता का मला?"

"कुठल्या गल्लीत जायचं, मावशी?"

"पैलीपासनं घ्या."